पाहुण्याचा मजकूर, यजमानाची जोखीम

तीर्थक्षेत्रांतील धर्मशाळांच्या कार्यालयात मेजावर एक जाडजूड वही असते आणि तिच्याशेजारी सुतळीने बांधलेले पेन. निघण्यापूर्वी यात्रेकरू तीत चार ओळी लिहितो. भोजन उत्तम, खोल्या स्वच्छ, गरम पाण्याची वेळ मात्र वाढवावी. क्वचित एखादा रागीट गृहस्थ व्यवस्थापकाचा उद्धारही करतो. लिहिणारा समोर उभा असतो, मुनीमजींनी त्याचा चेहरा पाहिलेला असतो, त्याचे नाव व गाव नोंदवहीत असते. शिवाय ती वही वाचणारे जन दहा-वीस. या सगळ्या व्यवस्थेत फारसे काही बिघडू शकत नाही.

आता अशी कल्पना करावी की तीच वही रात्रंदिवस भर चौकात उघडी ठेवली आहे. पेन साऱ्या जगाच्या हाती आहे, लिहिणाऱ्याचे तोंड कोणी पाहिलेले नाही, आणि लिहिलेले अक्षर त्याच क्षणी हजारोंच्या डोळ्यांपुढे जात आहे. वहीच्या मुखपृष्ठावर मात्र नाव आपल्या पेढीचे! संकेतस्थळावर ग्राहकांना अभिप्राय लिहिण्याची सोय करून देणे म्हणजे नेमके हेच होय.

गेल्या काही वर्षांत कापड, भांडी, सराफी, सुकामेवा, शेती अवजारे अशा नाना व्यवसायांतील कुटुंबांनी स्वतःची संकेतस्थळे उभी केली. बहुधा मुलाने किंवा सुनेने पुढाकार घेतला, एखाद्या तंत्रज्ञाने आठ-दहा दिवसांत काम पूर्ण केले, आणि प्रत्येक मालाच्या छायाचित्राखाली ‘आपला अभिप्राय लिहा’ अशी चौकट आली. ती चौकट कशाला, तर सर्वांच्याच संकेतस्थळावर असते म्हणून. तीत आलेला मजकूर रोज कोणी वाचायचा, काय ठेवायचे, काय काढायचे, हे मात्र घरात कोणी ठरवलेले नसते. दुकानाच्या किल्ल्या रात्री कोणाकडे असाव्यात हे ज्या घरात तीन पिढ्यांपासून ठरलेले आहे, त्याच घरात ही गोष्ट अनुत्तरित राहावी, याचे आश्चर्य वाटते.

या प्रश्नाची पहिली मोठी परीक्षा झाली ती अमेरिकेत, आणि तीही पैशाच्या व्यवहारावरूनच. १९९०च्या दशकाच्या आरंभी तेथे काँप्युसर्व्ह आणि प्रॉडिजी या दोन कंपन्या दूरध्वनीच्या तारेवरून संगणकसेवा पुरवीत. त्यांच्या सूचनाफलकांवर ग्राहक आपापली मते लिहीत. काँप्युसर्व्ह आलेला मजकूर पाहतच नसे. १९९१ मध्ये तिच्यावर बदनामीचा दावा झाला तेव्हा न्यायालयाने तिला पुस्तकविक्रेत्याप्रमाणे मानले. विक्रेत्याने दुकानातील प्रत्येक पुस्तक वाचलेले असावे अशी अपेक्षा करता येत नाही. कंपनी सुटली.

प्रॉडिजीचे धोरण निराळे होते. आपली सेवा कुटुंबातील सर्वांनी वापरावी अशी आहे, असे ती जाहिरातीत सांगे. अभद्र शब्द गाळणारी यंत्रणा तिने बसवली होती आणि फलकांवर देखरेखीसाठी माणसे नेमली होती. ऑक्टोबर १९९४ मध्ये तिच्या ‘मनी टॉक’ या फलकावर कोणा अज्ञाताने लिहिले की स्ट्रॅटन ओकमाँट ही दलाली पेढी समभागांच्या विक्रीत फसवणूक करीत आहे. पेढीने २० कोटी डॉलरचा दावा ठोकला. मे १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निर्णय दिला की प्रॉडिजी मजकुरावर नियंत्रण ठेवते, म्हणून ती वृत्तपत्राच्या प्रकाशकासारखी जबाबदार आहे.

या दोन निकालांचा एकत्र अर्थ काय निघाला? जो डोळे मिटून बसला तो निर्दोष आणि ज्याने झाडू हातात घेतला तो दोषी. अंगण झाडणाऱ्यालाच उरलेल्या कचऱ्याबद्दल दंड व्हावा, असा हा उफराटा न्याय होता. हे ध्यानी येऊन अमेरिकी संसदेने १९९६ च्या फेब्रुवारीत कायद्यात कलम २३० घातले. वापरकर्त्याच्या मजकुरासाठी सेवा पुरवणाऱ्यास प्रकाशक समजले जाणार नाही, आणि सद्भावनेने आक्षेपार्ह मजकूर काढल्याबद्दलही त्याला दोषी धरले जाणार नाही, असा त्याचा आशय आहे. पुढील कथा मोठी बोधक आहे. ज्या पेढीने आपली बदनामी झाली म्हणून आकाशपाताळ एक केले, ती १९९६ च्या अखेरीस गैरव्यवहारांमुळे बंद पडली, आणि तिचा संस्थापक जॉर्डन बेलफोर्ट याने १९९९ मध्ये फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. त्या अज्ञात लेखकाच्या आरोपाचा रोख चुकीचा नव्हता. कडू अभिप्राय नेहमी खोटाच असतो असे समजून तो घाईने पुसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मात्र या संरक्षणाची दुसरी बाजूही तितकीच खरी. एप्रिल १९९५ मध्ये ओक्लाहोमा शहरातील भीषण बाँबस्फोटानंतर अमेरिका ऑनलाइन या सेवेच्या फलकावर कोणी खोडसाळाने त्या घटनेची टर उडवणाऱ्या सदऱ्यांची जाहिरात लावली आणि खाली सिअ‍ॅटलमधील एका निरपराध गृहस्थांचा दूरध्वनी क्रमांक दिला. त्यांना धमक्यांचे दूरध्वनी येऊ लागले, काही दिवस तर दर दोन मिनिटांना एक! कंपनीने जाहिरात काढावी, की ती पुनःपुन्हा दुसऱ्या नावाने उमटावी. गृहस्थांनी दावा केला, पण १९९७ मध्ये अपील न्यायालयाने कलम २३० च्या आधारे कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कायद्याने यजमान वाचला, पण त्या गृहस्थांचे नुकसान भरून निघाले नाही.

युरोपने वेगळी वाट धरली. एस्टोनियातील डेल्फी या वृत्तसंकेतस्थळाने जानेवारी २००६ मध्ये एका जहाज कंपनीविषयी बातमी दिली. तिच्याखाली वाचकांच्या १८५ प्रतिक्रिया आल्या, त्यांपैकी सुमारे वीस कंपनीच्या प्रमुख भागधारकास उद्देशून धमकीवजा व शिवराळ होत्या. सहा आठवड्यांनी वकिलाचे पत्र आले आणि डेल्फीने त्याच दिवशी त्या काढल्या. तरी तेथील न्यायालयांनी डेल्फीस जबाबदार धरले, आणि २०१५ च्या जूनमध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. भरपाईची रक्कम अवघी ३२० युरो होती, पण तत्त्व मोठे होते. व्यापारी संकेतस्थळाने इतका उघड द्वेषपूर्ण मजकूर तक्रारीची वाट न पाहता हटवायला हवा होता, असे न्यायालयाचे म्हणणे.

लगेच पुढल्या वर्षी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, त्याच न्यायालयाने हंगेरीतील प्रकरणात उलट निकाल दिला. तेथे स्थावर मालमत्तेच्या जाहिराती देणाऱ्या एका व्यवसायावर लोकांनी असभ्य भाषेत टीका केली होती. त्या भाषेत रांगडेपणा होता, परंतु हिंसेची चिथावणी वा द्वेष नव्हता. ज्यांच्या पृष्ठांवर ती टीका आली त्यांना दोषी धरणे अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधक ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. असमाधानी ग्राहकाचा त्रागा आणि माणसाच्या जिवावर उठलेली धमकी यांत भेद करावाच लागतो, इतके या दोन निकालांतून स्पष्ट होते.

भारतातील पहिले गाजलेले प्रकरण बाझी डॉट कॉमचे. मुंबईतील हे लिलावस्थळ २००४ मध्ये ईबे या अमेरिकी कंपनीने विकत घेतले होते. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरच्या सायंकाळी एका विक्रेत्याने तेथे आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीस ठेवली. अभद्र शब्द अडवणारी गाळणी संकेतस्थळावर होती, पण तिला हा माल अडवता आला नाही. एका दक्ष सदस्याने त्याच रात्री कळवले. तो शनिवार होता. नोंद काढली गेली ती सोमवारी, २९ तारखेस सकाळी दहाच्या सुमारास. डिसेंबरमध्ये कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली. खटला वर्षानुवर्षे चालला. अखेर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीस आरोपी न करता केवळ तिच्या संचालकास त्या कलमाखाली जबाबदार धरता येणार नाही, या मुद्द्यावर त्यांच्यावरील कार्यवाही रद्द केली. एका शनिवार-रविवारच्या विलंबाची किंमत साडेसात वर्षांची न्यायालयीन धावपळ! दुकान रविवारी बंद ठेवता येते, पण संकेतस्थळाची वही रविवारीही उघडीच असते.

या प्रकरणाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या दुरुस्तीस चालना दिली. २००८ चा दुरुस्ती कायदा ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आला आणि कलम ७९ नव्याने लिहिले गेले. इतरांचा मजकूर साठवणारा वा पोचवणारा तो ‘मध्यस्थ’, आणि काही अटी पाळल्यास त्या मजकुराबद्दल त्याच्यावर दायित्व येत नाही, असा त्याचा गाभा आहे. मजकूर मध्यस्थाने स्वतः निर्माण केलेला वा बदललेला नसावा आणि त्याने योग्य ती दक्षता बाळगलेली असावी, या त्यांतील मुख्य अटी. पुढे २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वादग्रस्त कलम ६६-अ रद्द केले. कलम ७९ खाली मजकूर काढण्याचे बंधन न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना मिळाल्यावर येते, असा अर्थही त्याच निकालाने लावला. अन्यथा कोणीही पत्र पाठवावे आणि मध्यस्थाने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून निवाडा करावा, अशी वेळ आली असती.

ग्राहकांनी लिहिलेल्या मजकुरापुरते एखाद्या दुकानाचे संकेतस्थळही या मध्यस्थाच्या व्याख्येत येऊ शकते. दुकानाने स्वतः लिहिलेले मालाचे वर्णन मात्र सर्वस्वी दुकानाचे, त्याला हे छत्र नाही. आणि येथेच एक खुबी आहे, जी फार थोड्यांच्या ध्यानात येते. ग्राहकाने लिहिले, ‘साडी सुंदर, पण दुसऱ्याच धुण्यात रंग गेला.’ मालकाने हौसेने ‘पण’ पासूनचे शब्द गाळले आणि उरलेले ठेवले. आता हा मजकूर कोणाचा? त्याने तो बदलला आहे, आणि ‘बदललेला नसावा’ ही अट त्याच्या हातून मोडली आहे. खाली सही ग्राहकाची आणि वाक्य मालकाचे, असा तो दस्तऐवज झाला. धनादेशावर दुसऱ्याच्या हस्ताक्षरात केलेली खाडाखोड जशी बँकेस चालत नाही, तशीच ही. अभिप्राय संपूर्ण ठेवावा किंवा नियमात बसत नसेल तर संपूर्ण काढावा. मधला मार्ग नाही.

काढण्याची भीती आता बाळगण्याचे कारण उरलेले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांत स्पष्ट म्हटले आहे की नियमबाह्य मजकूर स्वेच्छेने किंवा तक्रारीवरून काढल्याने कलम ७९ च्या अटींचा भंग होत नाही. म्हणजे प्रॉडिजीच्या वाट्याला आलेला तो विचित्र पेच आपल्याकडे नियमानेच सोडवला आहे. त्याच नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर ठळकपणे द्यावे लागतात. मूळ तरतुदीप्रमाणे तक्रारीची पोच चोवीस तासांत आणि निवारण पंधरा दिवसांत व्हावे. नग्नतेचे किंवा एखाद्या व्यक्तीच्या बनावट प्रतिमेचे प्रकरण असेल, तर मूळ तरतुदीत मजकूर हटवण्यास चोवीस तासांची मुदत होती. या मुदती पुढील दुरुस्त्यांत आखडत्या होत जाणाऱ्या आहेत, म्हणून आपल्या सल्लागाराकडून त्या दरवर्षी तपासून घेणे इष्ट. काढलेल्या मजकुराची प्रत मात्र १८० दिवस जपून ठेवायची आहे. हिशेबात रद्द झालेले व्हाउचर फाडून टाकत नाहीत, ‘रद्द’ असा शिक्का मारून फायलीत लावतात. ही सवय ज्यांना आहे त्यांना हा नियम नवा वाटू नये.

आतापर्यंत पाहिला तो दुसऱ्याच्या वाईट मजकुराचा धोका. पण व्यापाऱ्याला खरा मोह होतो तो निराळाच. गोड ते ठेवावे, कडू ते झाकावे. फॅशन नोव्हा या अमेरिकी कपडेविक्रेत्याने हेच केले, असे तेथील फेडरल ट्रेड कमिशनचे म्हणणे होते. चार आणि पाच तारे देणारे अभिप्राय आपोआप प्रसिद्ध होत, त्याखालचे ‘मंजुरीसाठी’ थांबत. २०१५ च्या अखेरीपासून नोव्हेंबर २०१९ पर्यंत असे लक्षावधी अभिप्राय थांबूनच राहिले. कोणी ते नाकारले नव्हते, नुसते मंजूर केले नव्हते! जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने ४२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. प्रकरणाची मेख अशी की एकही खोटा शब्द लिहिण्याचा आरोप तेथे नव्हता. खरे शब्द रोखून धरल्याने उरलेल्या खऱ्या शब्दांचे मिळून असत्य तयार झाले.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले, तेही ऐच्छिक स्वरूपात. अभिप्राय गोळा करणे, तपासणे आणि प्रसिद्ध करणे या तिन्ही पायऱ्या त्यात येतात. लिहिणारा माणूस खरा आहे का हे ईमेल, दूरध्वनी, लघुसंदेश अशा मार्गांनी पडताळावे, त्यासाठीच नेमलेल्या लोकांकडून किंवा पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, तपासणी यंत्राने किंवा माणसाने, पण पक्षपात न करता व्हावी, असा त्याचा रोख. नातेवाइकांना भ्रमणध्वनीवर संदेश पाठवून ‘पाच तारे द्या’ असे सुचवणाऱ्या मंडळींनी ते एकदा वाचावे. चुलत्याने दिलेला तारा हा अभिप्राय नव्हे, तो आहेर आहे.

पडताळणीसाठी फोन क्रमांक घेतला की आणखी एक जबाबदारी येते. तो क्रमांक ज्या कामासाठी घेतला त्याच कामासाठी वापरायचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पाया हाच आहे. दिवाळीच्या सवलतीची जाहिरात त्याच यादीवर पाठवण्याची ऊर्मी आवरलेली बरी.

काही पाहुणे माल घेण्यासाठी येतच नाहीत. पितळी समईच्या छायाचित्राखाली कोणी परदेशी ‘फार छान माहिती’ असे इंग्रजीत लिहितो आणि खाली औषधांच्या वा जुगाराच्या संकेतस्थळाचा दुवा चिकटवतो. त्याचा हेतू साधा असतो. शोधयंत्रे ज्या पृष्ठाकडे अनेक दुवे येतात त्यास महत्त्व देतात, म्हणून हा गृहस्थ दुसऱ्याच्या ओट्यावर आपली पाटी लावून जातो. गूगल आणि इतर शोधयंत्रांनी जानेवारी २००५ मध्ये यावर एक खूण ठरवली. ती दुव्यास लावली की त्या दुव्याचे वजन सहसा मोजले जात नाही. २०१९ मध्ये गूगलने वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी स्वतंत्र खूणही दिली. संकेतस्थळ करून देणाऱ्यास एवढेच विचारावे, की अभिप्रायातील दुव्यांना ही खूण लावली आहे का. उत्तर देताना तो अडखळला तर काय समजायचे ते समजावे.

दुसरा प्रश्न विचारावा तो याहून गंभीर. अभिप्रायाच्या चौकटीत कोणी साध्या अक्षरांऐवजी संगणकास दिलेली आज्ञा लिहिली तर काय होईल? ४ ऑक्टोबर २००५ रोजी मायस्पेस या संकेतस्थळावर सॅमी कामकार नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या परिचयपृष्ठावर अशी आज्ञा लपवली. जो ते पृष्ठ उघडी त्याच्या पृष्ठावर ती स्वतःची नक्कल करी. वीस तासांत दहा लाखांहून अधिक पृष्ठांवर ती पसरली आणि संकेतस्थळ काही काळ बंद ठेवावे लागले. त्याने थट्टा म्हणून केले, चोर ग्राहकाचे खाते लुबाडण्यासाठी करील. पाहुण्याचा प्रत्येक शब्द संगणकाने निव्वळ अक्षर म्हणून दाखवावा, आज्ञा म्हणून कधीही पाळू नये, याची तजवीज तंत्रज्ञ काही ओळींत करू शकतो. ती केली आहे ना, हे लेखी घ्यावे.

राहिला रोजच्या कामाचा प्रश्न. आधी तपासून मग प्रसिद्ध करावे, की आधी प्रसिद्ध करून मग तपासावे? मोठ्या कंपन्यांना पहिला मार्ग परवडत नाही. दिवसाला पाच-पंचवीस अभिप्राय येणाऱ्या पेढीने मात्र तोच धरावा. त्यात एक पथ्य आहे. बँकेत व्हाउचर लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही पद्धत उगाच पडलेली नाही. ज्याने माल विकला त्यानेच त्या मालाविषयीचे अभिप्राय मंजूर करू नयेत. खरेदी थोरला भाऊ पाहत असेल तर अभिप्राय धाकट्याने किंवा घरातील सुनेने पाहावेत. कोणते निकष लावायचे ते संकेतस्थळावरच मराठीत, दहा ओळींत लिहून ठेवावे. शिवीगाळ, धमकी, जातीधर्मावरून अवमान, दुसऱ्याचा पत्ता वा दूरध्वनी, मालाशी असंबद्ध जाहिरात, इतके काढले जाईल. मालाची निंदा काढली जाणार नाही. नाव घेऊन एखाद्यावर फसवणुकीचा आरोप असेल तर तो थांबवून लिहिणाऱ्याकडे तपशील मागावा, कारण बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अजूनही गुन्हा आहे.

आणि कडू अभिप्रायाखाली उत्तर द्यावे. ‘रंग गेला’ असे लिहिणाऱ्या बाईंना ‘ताई, पावती घेऊन या, साडी बदलून देऊ’ असे दोन दिवसांत उघडपणे लिहिले, तर ती ओळ बाईंसाठी असतेच, पण ती वाचणारे इतर ग्राहक कितीतरी पट अधिक असतात. पूर्वी असा प्रसंग दुकानाच्या पायरीवर घडे आणि शेजारची चार गिऱ्हाईके शेठजी काय करतात ते बघत उभी राहत. शेठजीही आवाज न चढवता साडी हातात घेत, कापडाचा काठ उलटून बघत आणि मुनीमजींना जुनी पावती काढायला सांगत.